बारा पोती

आईनं बारा पोती मोजून दिली. ज्वारीची, धुऊन वाळवलेली. दोन-तीन पोत्यांना तिनं स्वतःच्या हातानं सुतळीचे टाके घातले होते. "बारा आहेत. बाराच परत आण," एवढंच म्हणाली आणि चुलीकडं वळली.

पोती कशाला हवीत हे तिला ठाऊक होतं. आदल्या दिवशी बाबानं टेकाडावर चढून फोन केला होता. आमच्या डोंगरात फोनला रेंज हवी तर ठरलेल्या टेकाडावर ठरलेल्या झाडाखाली उभं राहावं लागतं. "होडी आणायची तर ओली पोती लागतील, दहा-बारा. याहाला सांग." आमच्या बोलीत आई म्हणजे याहा. आणि आमच्या बोलीत देवालाही तू आणि बापालाही तू, त्यामुळं इथं मी बाबाला अरे-तुरे करताना दिसलो तर वाचणाऱ्यांनी राग मानू नये.

गोष्ट जानेवारी २०२२ मधली. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या, म्हणून माझ्यासारख्या मास्तराला ऐन जानेवारीत चार दिवस मोकळे मिळाले. भाच्याला मात्र मोकळे नव्हते. त्याचा ट्रॅक्टर ऊस ओढत होता, हंगाम भरात होता, आणि मामाच्या होडीपायी त्याच्या दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या बुडणार होत्या. त्यानं तोंडावर काही म्हटलं नाही. पण डिझेलचा भाव त्यानं त्या दोन दिवसांत मला निदान दहा वेळा ऐकवला.

आम्ही होडी आणायला निघालो होतो भरूचजवळच्या भाडभूतला. म्हणजे नर्मदेच्या मुखाकडं. आणि न्यायची होती अक्कलकुवा तालुक्यातल्या आमच्या डोंगरात, म्हणजे पुन्हा नर्मदेतच. नदी तीच. पण मधे सरदार सरोवराची भिंत आहे, आणि त्या भिंतीत होडी वर चढवायची काही सोय नाही. त्यामुळं नदीच्या एका टोकाची होडी नदीच्याच दुसऱ्या भागात न्यायची तर ती रस्त्यानं, अंकलेश्वर, नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा, अक्कलकुवा असं फिरून, देवगोई घाट चढून, मोलगीवरून खाली उतरवायची. ट्रॉलीत घालून.

आता आमच्या घरातली थोडी हकीकत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

धरणात महाराष्ट्राची तेहेतीस गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. पहिलं पाणी मणिबेलीनं पाहिलं. आमच्या गावात ते थोडं मागून आलं. तळोद्याच्या जंगलाची सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करून तिथं वसाहती बसवल्या होत्या. आई आम्हा भावंडांना घेऊन वसाहतीत उतरली, कारण तिला पोरं शिकवायची होती. बाबा उतरला नाही. भांडण झालं नाही, निदान आम्ही पोरांनी पाहिलं नाही. "तू जा, मी बी-बियाणं आवरून येतो," असं तो म्हणाला होता म्हणे. ते आवरणं पंचवीस वर्षं चाललं. पाणी वर आलं की घर वर न्यायचं, पुन्हा वर आलं की पुन्हा वर. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद केले आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या शेवटच्या खुणेला टेकलं. त्या वर्षी त्यानं घर चौथ्यांदा उचललं. वर्षातून दोनदा तो वसाहतीत यायचा, एकदा होळीनंतर आणि एकदा भगर काढून झाल्यावर. चार दिवस राहायचा. आई त्याला गरम भाकरी वाढायची, दोघं ओसरीवर बसायची, फारसं बोलायची नाहीत. पाचव्या दिवशी तो पहाटेच निघून जायचा.

आमच्या वसाहतीत अशी अर्धी-अर्धी घरं आणखीही आहेत. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतं. आम्हाला सवय झाली आहे.

२०१९च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथं नर्मदेत बोट उलटली. सणाच्या पूजेला निघालेली माणसं होती, बोटीत जागेपेक्षा जास्त बसलेली. माणसं बुडाली, त्यात लेकरं होती. त्या दिवशी बाबाचा फोन लागत नव्हता. त्याचं गाव तिथून बरंच लांब, तालुकाही दुसरा, तरी आई दिवसभर अंगणात उभी. तिसऱ्या दिवशी फोन लागला. तो म्हणाला, "मी घरीच होतो. माझी होडी फुटलीय, जाणार कशात?"

तेव्हापासून मी त्याच्या मागं लागलो, खाली ये म्हणून. पतपेढीचं कर्ज काढून घरामागं एक खोली बांधायला घेतली. भिंती झाल्या. स्लॅबसाठी चाळीस हजार बाजूला ठेवले. होळीनंतर तो आला तेव्हा त्याला खोली दाखवली. त्यानं भिंतीवर हात फिरवला, खिडकीतून बाहेर पाहिलं, बाहेर शेजाऱ्याची म्हैस होती. म्हणाला, "चांगली आहे. कोंबड्या ठेव." मग जरा वेळानं, "मला खोली नको मास्तर. होडी घेऊन दे."

मी चिडलो. दोन वर्षं त्याच्याशी नीट बोललो नाही. होडी घेऊन देणं म्हणजे तो खाली येणार नाही असं आपणच सहीशिक्क्यानिशी लिहून देणं, असं मला वाटायचं. शेवटी आईच एकदा म्हणाली, "तो दुसऱ्याच्या होडीत बसून बाजाराला जातो. त्या होडीत तीस-तीस माणसं असतात." पुढं काही बोलली नाही. स्लॅबचे पैसे मी काढून घेतले. त्या खोलीवर आजही पत्रे आहेत, आणि बायको पाऊस लागला की मला ते ऐकवते.

पण त्याला शिडाची होडी हवी होती. आमच्याकडं लोक वल्ह्यावर किंवा इंजिनावर होड्या चालवतात, शीड कुणी लावत नाही. कारण साधं आहे. पूर्वीची आमची नदी खडकांतून उड्या मारत जायची, तिथं शिडाचं काय काम? आम्ही पाण्यात उतरायचो ते पोहत. शीड बाबाला माहीत झालं ते १९७२च्या दुष्काळात. त्या वर्षी डोंगरातली तरणी पोरं पायी भरूचकडं गेली होती, कामाला. तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. कुणाला ऊस मिळाला, कुणाला वीटभट्टी, याला एका माछी घरात काम मिळालं. दोन वर्षं राहिला. समुद्राची भरती नदीत वर शिरते, त्या भरतीबरोबर आणि शिडात वारा घेऊन होडी उलट्या दिशेनं, नदीच्या वरच्या अंगाला कशी जाते, हे तो आम्हाला लहानपणी सांगायचा तेव्हा आम्हाला ती थाप वाटायची. पाणी खाली जाणार, होडी वर कशी जाईल?

"आता नदी उभी राहिली," तो फोनवर म्हणाला. "वल्हवून हात दुखतात. इंजिनाला तेल लागतं. उन्हाळ्यात दुपारी वारा खालून वर येतो, तो फुकटच जातो."

भाडभूतला आम्ही पोचलो तेव्हा दुपार होऊन गेली होती. तळोद्याहून पहाटे तीनला निघालो होतो. बाबा आदल्या रात्रीच अक्कलकुव्याला येऊन थांबला होता, तिथून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला तो थेट भाडभूतला उतरला. सहासष्ट वर्षांचा माणूस. मी ट्रॉलीत पोत्यांवर पडून होतो तरी माझी कंबर मोडली.

मुखाजवळची नर्मदा मी पहिल्यांदाच पाहत होतो. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. ओहोटी होती, चिखल चमकत होता आणि होड्या कुशीवर पडल्या होत्या. खालच्या अंगाला बंधाऱ्याचं काम चालू होतं. विकणारा माणूस बाबाच्याच वयाचा, माछी. त्यानं आमच्यासाठी चहा सांगितला आणि बंधाऱ्याकडं हात केला. पावसाळ्यात पाला मासा समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला वर येतो, त्यावर इथल्या कितीतरी घरांचं वर्ष निघतं. आता वाट बंद झाली की पाला येईल का, हे तो आम्हालाच विचारत होता. त्याची पोरं कारखान्यात लागली होती. मोठी होडी त्यानं ठेवली होती, ही लहान विकायला काढली होती.

बाबानं त्याला विचारलं, बहात्तर साली मी ज्यांच्याकडं होतो ते घर कुठं? त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली. तसं घर आता नव्हतं. घरातलं कुणीतरी सुरतेला गेलं होतं. बाबा पुढं काही बोलला नाही. होडीकडं वळला.

होडी अठरा फुटांची. लाकडाची, तळ काळा, बाजूला कधीतरी लावलेल्या निळ्या रंगाचे पोपडे. बाबानं आधी तिला सगळीकडून बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, मडकं ठोकतात तसं. दोन ठिकाणी आवाज बद्द आला, तिथं परत ठोकलं. मग तो सरळ तिच्याखाली चिखलात आडवा झाला आणि आम्हाला वरून ताडपत्री धरायला लावली. आत अंधार करून फळ्यांच्या फटींतून उजेड कुठं येतो ते तो बघत होता. विकणारा हसला. माझ्याकडं बघून म्हणाला, याला कुणी शिकवलं? फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवलेला होता. बाबा बाहेर आला, पाठ चिखलानं भरलेली, आणि म्हणाला, "चालेल."

चाळीस सांगितले, अडतीस हजाराला ठरलं. शीड त्यातच. तिकोनी, जाड कापडाचं, तीन ठिगळं असलेलं. डोलकाठी, शिडाची लांब आडवी काठी, सुकाणू, दोन वल्ही आणि एक गंजका नांगर. कागद स्टँपपेपरवर केला. होडी उचलायला बारा-पंधरा माणसं आली, कुणी बोलावलं नव्हतं. ट्रॉलीचा मागचा फाळका काढून टाकला, तळाशी जुने टायर आणि भाताचा पेंढा घातला, त्यावर होडी. तरी चार फूट बाहेर राहिलीच. तिथं भाच्यानं लाल फडकं बांधलं.

निघताना विकणाऱ्यानं होडीच्या नाळेवर पाण्याचा हात फिरवला आणि आम्हाला म्हणाला, "लाकडाने तरस्युं ना राखशो." लाकडाला तहानलेलं ठेवू नका. पाण्यातल्या होडीचं लाकूड फुगलेलं असतं, म्हणून फटी मिटलेल्या असतात. वर काढून उन्हावाऱ्यात ठेवली की लाकूड आकसतं, फटी उघडतात. म्हणून ती पोती. बाराही पोती आम्ही नदीत बुडवून आतून-बाहेरून होडीवर पसरली, आणि रस्ताभर जिथं हातपंप, टाकी, नळ दिसेल तिथं उतरून ती पुन्हा ओली करत राहिलो. ट्रॅक्टरच्या वेगानं एवढं लांब जाणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. जुन्या गोल्डन ब्रिजच्या शेजारच्या नव्या पुलावरून आम्ही नर्मदा ओलांडली तेव्हा बाबानं ट्रॉलीत उभं राहून खाली पाहिलं. होडी वर आणि नदी खाली. भाचा ओरडला, "आजा, बस खाली, पोलीस बघेल!"

रात्री नेत्रंगच्या पुढं एका पेट्रोलपंपाच्या बाजूला थांबलो. थंडी कडक. बाबा होडीतच झोपला, ओल्या पोत्यांवर एक कोरडी ताडपत्री टाकून. आम्ही दोघं ट्रॉलीखाली.

सकाळी डेडियापाड्याकडं निघालो तर समोरून परिक्रमावासी येताना दिसले. पांढरे कपडे, पाठीवर वळकटी, हातात काठी. दक्षिण काठानं समुद्राकडं चाललेले. आमच्या डोंगरातून, शूलपाणीच्या झाडीतून जाण्याऐवजी बरेच जण प्रकाशा, खापर, सागबारा या रस्त्यानं येतात. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखालीच आहे, नवं देऊळ गोऱ्याला बांधलंय. एक म्हातारे गृहस्थ, बोलण्यावरून पुण्याकडचे, थांबले. होडीला हात लावला, "नर्मदे हर" म्हणाले, आणि विचारलं, "ही कुठली?" बाबा म्हणाला, "नर्मदेचीच." "आणि नेता कुठं?" "नर्मदेत." गृहस्थ गोंधळले. मग मी समजावून सांगितलं, भिंतीचं. ते बराच वेळ गप्प उभे राहिले. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, त्यामुळं होडीत बसायचं नाही. फक्त विमलेश्वरला समुद्रातून पलीकडं जाताना होडीत बसतात. ते म्हणाले, "म्हणजे माझी होडी अजून आठ-दहा दिवस लांब आहे." बाबानं त्यांना दोन पोती भिजवायला लावली. पुण्य मिळेल म्हणून सांगितलं. त्यांनी हसत हसत भिजवली.

सागबाऱ्याजवळ देवमोगऱ्याला जायचा फाटा लागतो. याहामोगीचं ठाणं. सगळ्या सातपुड्याची ती आई, महाशिवरात्रीला तिथं यात्रा भरते, लोक नव्या टोपलीत धान्य घेऊन जातात. बाबाला होडी तिकडं न्यायची होती. भाचा म्हणाला, डिझेल. मग फाट्यावरच थांबून बाबानं नारळ फोडला, मोहाची दोन थेंब धार नाळेवर सोडली आणि उरलेली स्वतः घेतली. दिशेकडं तोंड करून काहीतरी बोलला. मी ऐकलं नाही, मुद्दामच बाजूला गेलो.

सीमेवरच्या नाक्यावर अडवलं. तरुण पोलीस होता. ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. "लाकूड आहे. फॉरेस्टचा पास?"

"साहेब, होडी आहे."

"होडी लाकडाचीच असते ना?"

त्याचंही चूक नव्हतं, सातपुड्यातल्या रस्त्यावर लाकूड म्हटलं की आधी सागाची चोरीच डोळ्यांसमोर येते. मी स्टँपपेपर दाखवला. त्यानं वाचला. मग म्हणाला, "पण अक्कलकुव्यात होडी कशाला?" हा पोलीस लातूर की नांदेड कुठलासा होता, नवीन बदलून आलेला. अक्कलकुवा म्हणजे डोंगर, एवढंच त्याला ठाऊक. मोलगीच्या मागं एवढं पाणी आहे हे त्याला खरं वाटेना. बाबानं त्याला बोलावलं, "ये एकदा, मासे खायला." सोडलं त्यानं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. डोलकाठी होडीपेक्षा लांब होती. बाबानं सांगितलं होतं, ती होडीच्या आत तिरकी घालून दोन्हीकडं बांध. मला वाटलं, आत टाकली तर पोती भिजवायला अडचण होते. म्हणून खापरला जेवायला थांबलो तेव्हा मी ती काढून होडीच्या काठावर सरळ बांधली, मागं सात-आठ फूट बाहेर. बाबा तेव्हा झोपला होता. देवगोई घाटात तिसऱ्या का चौथ्या वळणावर ट्रॉली वळली, काठीचं टोक डोंगराच्या अंगाला दरडीत घुसलं, आणि ऊस मोडावा तसा आवाज झाला. भाच्यानं ब्रेक मारला. मागं मोलगीची जीप, जीपच्या टपावर माणसं, सगळी खाली उतरली. काठी मधोमध मोडून लोंबत होती.

बाबा उतरला. मोडलेलं टोक हातात घेतलं, आतलं लाकूड बघितलं, वास घेतला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "कुजकी होती आतून. बरं झालं." ती कुजकी नव्हती. मी पाहिली होती. जीपमधल्या माणसांनी ट्रॉली मागंपुढं करायला हात लावला आणि मोडकी काठीही त्यांनीच वर टाकून दिली. पुढचा सगळा घाट मी ट्रॉलीच्या मागं पायी चढलो, मागचं टोक कुठं लागतंय का बघत. कुणी सांगितलं नव्हतं.

मोलगीत बाजाराच्या रस्त्यावर पोरं ट्रॉलीमागं धावली. पिंपळखुट्याच्या पुढं रस्ता नदीकडं उतरत जातो. जानेवारीत पाणी खाली सरकलेलं असतं आणि मागं सोडतं तो गाळ. वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघा आत. दरवर्षी त्यात गुरं रुततात. ट्रॅक्टर पाण्याच्या दोनशे हात अलीकडंच थांबला. निरोप आधीच गेला होता, पंचवीस-तीस माणसं आली होती, पाड्यापाड्यातून. गाळावर बांबू आडवे टाकायचे, त्यावरून होडी ढकलायची, मागचे बांबू उचलून पुढं टाकायचे. दोनशे हातांना दोन तास लागले. माझी एक चप्पल त्या गाळात कायमची गेली.

होडी पाण्यात शिरली, तरंगली, सगळ्यांनी आरोळी ठोकली. आणि चार-पाच मिनिटांत आत पाणी दिसायला लागलं. आधी तळाशी ओल, मग घोटाभर. तीन-चार फटींतून बारीक कारंजी. सगळे एकदम बोलायला लागले. फसवलं. गुजरातवाल्यानं फसवलं. मास्तरला होडीतलं काय कळतं. अडतीस हजार! मला घाम फुटला. त्या अडतीस हजारात आमच्या घराचा स्लॅब होता.

बाबा हसत होता. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि ओरडला, "दगड आणा!"

त्यानं होडीत दगड भरायला लावले. एक, दोन, वीस, तीस. होडी हळूहळू खाली गेली आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात तळाला टेकली. नवी घेतलेली होडी, एवढ्या लांबून आणलेली, सगळ्या गावादेखत बुडवली. वर फक्त नाळ राहिली वीतभर. म्हातारी माणसं तोंडात बोटं घालून बघत होती. "पिऊ दे तिला," बाबा म्हणाला. "दोन रात्री पिऊ दे." पोती सगळी दिवस-दिवस भिजवली तरी थंडीचा कोरडा वारा होताच, लाकूड आकसलं होतं. दोन दिवस पाण्याखाली राहिलं की फुगणार, फटी आपोआप मिटणार. विकणाऱ्यानंही हेच सांगितलं होतं म्हणे. मला सांगायचं राहिलं.

भाचा त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन गेला. मी थांबलो. रात्री काठावर शेकोटी केली, कारण बाबाला होडी सोडून वर घरी जायचं नव्हतं. चांदणं होतं. पाण्यातून सुकलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसत होते. पाणी उतरलं की ते दिसतात. बाबानं एका शेंड्याकडं बोट केलं.

"तो आपल्या दारातला साग. त्याच्या डावीकडं घर. तू पडला होतास ना, तो उंबरा तिथं."

मला उंबरा आठवत नव्हता. कपाळावरची खूण आहे.

मी विचारलं, "खाली येणारच नाहीस का?"

त्यानं लाकूड पुढं सारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "याहा पोहायची चांगली. माझ्यापेक्षा. तुला माहीत नसेल." आणि झोपला.

तिसऱ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं. होडी वर आली. आम्ही दोघं दुपारपर्यंत तिच्यात बसून राहिलो, तळाकडं बघत. एका फटीतून थोडं झिरपत होतं, तिथं बाबानं कापूस आणि डिंक ठोकला. नवीन डोलकाठी धामणीची करायची ठरली. आमच्याकडं धनुष्य धामणीचं करतात, वाकतं पण मोडत नाही. योग्य झाड तोडायचं, साल काढून सावलीत वाळवायचं, म्हणजे महिना-दीड महिना जाणार. शीड घडी करून घराच्या आढ्याला टांगलं. शाळा उघडायची घोषणा झाली होती, मी निघालो. पोती अजून होडीवर वाळत होती, ती मागं राहिली.

पोती आली होळीच्या आधी. भाचा मोलगीला काही कामानं गेला होता, तो काठापर्यंत उतरून घेऊन आला. मी शाळेतून आलो तेव्हा आई ओसरीवर बसून मोजत होती. दोनदा मोजली.

"अकरा आहेत."

भाचा म्हणाला, "एक आज्यानं ठेवून घेतलं."

"का?"

त्यानं खिशातून फोन काढला. काठावरून घेतलेला व्हिडिओ होता, अर्ध्या मिनिटाचा, हात हललेला. पाणी, सुकलेल्या झाडांचे शेंडे, आणि त्यांच्या मधून ठिगळांचं शीड तिरकं होऊन चाललेलं. मागं सुकाणूवर बाबा, पाठमोरा. वाऱ्याचा आवाज एवढा की बाकी काही ऐकू येत नव्हतं.

आईनं फोन हातात घेतला. चष्मा जवळ नव्हता म्हणून लांब धरला.

"यात पोतं कुठं आहे?"

"त्याच्याखाली. बसायला घेतलंय, फळी टोचते म्हणून."

"मग असू दे," आई म्हणाली. "परत लाव ते."